पवन्याची उशी

फोन उमापूरहून आला. शेषरावची धाकटी लेक अनुसया तिकडे दिलेली आहे. वडिलांना ती दादा म्हणते. सकाळचे आठ वाजले असतील. मी गेवराईत मुलाच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. ती म्हणाली, "काका, दादा गेले. पहाटं. आई म्हणली, आदी तुमाला सांगायचं, मंग बाकीच्याला." मी म्हणालो, "बरं." आता आठवलं की लाज वाटते. बालमित्र गेल्याचं ऐकून कुणी 'बरं' म्हणतं का? पण मी तीस वर्षं गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि फोनवर काहीही कानावर आलं तरी तोंडातून पहिला शब्द तोच निघतो. गाडी आली नाही, बरं. दूध नासलं, बरं. फोन ठेवला, तांब्या खाली ठेवला, आणि मग कुंडीशेजारी तसाच बसून राहिलो... सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा तिला एवढंच विचारलं, शिरूरची गाडी कितीला आहे.

आमची वाडी शिरूर कासारच्या पलीकडे, डोंगराच्या उताराला. नोव्हेंबर उजाडला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि उरलेलं निम्मं त्यांची घरं, म्हातारी माणसं आणि कोंबड्या सांभाळतं. मी पोचलो तेव्हा शेषाला त्याच्या शेताच्या कडेला ठेवलं होतं, गायरान जिथं सुरू होतं तिथं. वैशाखाचं ऊन. गवत कापून नेलेलं होतं, पण वरच्या अंगाला एक रुंद पट्टा पिवळाजर्द उभा होता. लोक पांगले, बोलणं थांबलं, तेव्हा त्या पट्ट्यातून तित्तर ओरडायला लागले. कुणीतरी म्हणालं, "घ्या, भावकी आली." लोक हसले. मलाही हसू आलं. शेषाला हा विनोद आवडला असता, किंबहुना त्यानंच तो केला असता.

त्याची माझी शेवटची भेट त्याआधी दीड महिन्यावर झाली होती. दम्यानं त्याला पार खाली आणलं होतं. लिंबाखाली बाजेवर पडलेला, डोक्याखाली ती फुगीर उशी, आणि हाताशी पाण्याचा गडू. मला बघून म्हणाला, "या सेक्रेटरी, बसा. अजून हाय मी. कावून आलात एवढ्या उन्हाचं?" मी म्हणालो, "तुला बघायला आलतो बे." तर म्हणाला, "मला काय बघता? गवत बघून या, यंदा लई चांगलं हाय." मी आधी गवत बघून आलो, मगच त्यानं मला चहा पाजला. या 'सेक्रेटरी'बद्दल मला सांगायचं आहे. चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. पुढं मी शिकलो आणि तो ऊस तोडायला गेला, तरी मी त्याला शेषा म्हणायचो आणि तो मला भान्या. कारकुनासमोर, पाव्हण्यांसमोर, माझ्या लग्नात मांडवातसुद्धा भान्या. पन्नाशीला येईपर्यंत हे चाललं. मग एका संध्याकाळी तो मला सेक्रेटरी म्हणाला आणि त्यानंतर भान्या म्हणून त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. चूक माझी होती. ती कशी झाली ते सांगितल्याशिवाय शेषा सांगता येणार नाही.

आमच्या गावात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. शेषा आणि सुभद्रावहिनी हा एक कोयता. असे कितीतरी कोयते गाडीबैल घेऊन कारखान्याला जायचे आणि पाडव्याच्या पुढं-मागं परतायचे. उसाचे शेंडे खाऊन बैल सहा महिने काढायचे, पण परत आल्यावर त्यांना इथं खायला काय? म्हणून जुन्या लोकांनी रीत घालून ठेवली होती. दिवाळीनंतर गायरानाचं गवत कापायचं, वाटून घ्यायचं, गंजी लावायच्या. पण वरचा चौथा हिस्सा कुणी विळा लावायचा नाही. त्याला 'कोयत्याचा पट्टा' म्हणत. कोयते घरी येईपर्यंत तो उभाच राहायचा. पवना, मारवेल, डोंगरी, मध्येमध्ये कुसळी. उभ्या गवताचं बी तिथंच झडायचं, कुसळंही गळून पडायची, आणि मग वाळलेल्या काड्या बैलाच्या तोंडाला टोचायच्या नाहीत. हिवाळाभर त्या पट्ट्यात लाव्हे, तित्तर, चंडोल, ससे. खोकडाची बिळं. गवतावरून अगदी खाली घिरट्या घालणारे ते लांब पंखांचे पाहुणे ससाणे. काळवीट पट्ट्यातच पोट भरायचं, म्हणून खालच्या हरभऱ्यात फारसं उतरायचं नाही. हे सगळं त्या वेळी मला दिसत होतं, पण ते पट्ट्यामुळे आहे असं कधी वाटलं नव्हतं. डोंगर जसा आहे तसं तेही आहे, असंच वाटायचं.

दुसरी रीत उशीची. कारखान्यावर राहायचं ते कोपीत, उसाच्या पाल्याच्या खोपटात. खाली पाचट अंथरायचं. पाचटाच्या कडा गालाला कापतात. म्हणून निघायच्या आधी प्रत्येक कोयता पट्ट्यात जाऊन झडलेलं बी खराट्यानं गोळा करायचा आणि जुन्या लुगड्याच्या पिशवीत भरून उशी शिवायचा. पवन्याचं बी केसाळ, हलकं. दाबलं की दबतं आणि सोडलं की फुगतं. त्यातून कितीही वेचलं तरी एखादं कुसळ राहायचंच आणि कानाला टोचायचं. सुभद्रावहिनी त्यावरून कटकट करायच्या. शेषा म्हणायचा, "टोचू दे की. गाव कानाशी हाय असं वाटतंय." परत आल्यावर घरात पाऊल टाकायच्या आधी या उशा पट्ट्यातच उसवून झटकायच्या. बी परत जमिनीला मिळावं असा काही थोर विचार त्यात नव्हता. कारखान्यावरचे ढेकूण घरात येऊ नयेत एवढंच. आमच्या गावचं बरंचसं शहाणपण असं ढेकणांच्या भीतीतून आलेलं आहे.

मग ते दुष्काळाचं साल आलं. आमच्याकडे दुष्काळ नवा नाही, पण त्या साली श्रावणातच विहिरींचे तळ दिसले. गवत वितीएवढं वाढून थांबलं. सोसायटीत सकाळी कॅन अर्धे भरायचे, मग पाव भरायला लागले. बायका दूध मापताना माझ्या तोंडाकडे बघायच्या, जणू मीच काही करणार आहे. आणि मला खरंच वाटत होतं की आपण काही करावं. तालुक्याच्या एका बैठकीत मला एका योजनेची माहिती मिळाली. पडीक जमिनीवर मशीननं चर खोदायचे, चाऱ्याची झाडं लावायची, पाणी मुरेल, झाडं दुष्काळातही हिरवी राहतील, जनावरं जगतील. अट एकच, काम मार्चच्या आत झालं पाहिजे. मी भारावून गेलो. त्या कागदावर आमच्या गायरानापुढं 'पडीक' असं लिहिलेलं होतं आणि मी त्याच्या खाली सही केली. ज्या जमिनीवर मी लहानपणी शेषाबरोबर सशामागं पळालो, ती पडीक आहे असं वाचून मला काहीच खटकलं नाही. शिकलेल्या माणसाला छापलेलं लवकर पटतं.

योजना सोसायटीमार्फत राबवायची होती, म्हणून ठराव सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत करायचा होता. सभा ठेवली जानेवारीत. आता जानेवारीत आमच्या गावात सभासद कुठं असतात? उसाच्या फडात. गणपूर्ती होणं शक्यच नव्हतं. पण सहकाराचं पाणी प्यायलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. सभा गणपूर्तीअभावी तहकूब केली, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा बसलो. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या अर्ध्या तासात आम्ही भजी खाल्ली. मग ठराव झाला, एकमतानं. सगळं नियमानं होतं. कुणी बोट दाखवावं अशी जागा मी ठेवली नव्हती, आणि त्याचा मला अभिमान होता. आणखी एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. सभेच्या आधी दोन दिवस संक्रांत होती आणि शेषाचा मला फडातून फोन आला होता. तिळगूळ घ्या, गोड बोला झालं. वहिनींची पाठ दुखते म्हणाला. बैलाची चौकशी झाली, माझ्या पोराच्या परीक्षेची झाली. मी सभेचं काही बोललो नाही. विसरलो नव्हतो. तो नको म्हणेल, हे मला माहीत होतं... म्हणूनच बोललो नाही.

फेब्रुवारीत मशीन आलं. आठवडाभर गायरानावर धूळ उडत होती. उताराला आडवे, एकाखाली एक चर. आमच्या माळाला माती वीतभर, त्याखाली मुरूम. मशीननं तो मुरूम वर काढला आणि गवताच्या ठोंबांवर पसरला. कोयत्याचा पट्टा सगळ्यात उंच, म्हणून कामाला सुरुवातच तिथून झाली. बिळं बुजली. टिटव्या चार-पाच दिवस डोक्यावर ओरडत फिरल्या आणि मग नाहीशा झाल्या. गावातल्या एका म्हातारबांनी मला विचारलं, "कोयते आल्यावर बैलं काय मुरूम खातेल का?" मी त्यांना समजावून सांगितलं की दोन वर्षांत इथं रान होईल. रोपं लावली, टँकरनं पाणी घातलं, फोटो काढले. फोटोत मी मधोमध आहे, हातात टिकाव, आणि चेहऱ्यावर असं समाधान की आता ते बघवत नाही.

शेषा परतला तो पाडव्यानंतर. ट्रकमधून बैल उतरवले आणि घरी न जाता तसाच त्यांना घेऊन गायरानाकडे गेला, दरवर्षीच्या रिवाजानं. मी सोसायटीत होतो, संध्याकाळचं दूध चालू होतं, दारात बायामाणसं कॅन घेऊन उभी. तो बैलांसकट सोसायटीच्या दारात येऊन थांबला. धुळीनं माखलेला, खांद्यावर उशी. मला वाटलं शिव्या देईल. शेषाच्या शिव्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. मी मनाची तयारी केली होती. तो एवढंच म्हणाला, "सेक्रेटरी, बैलं कुटं बांदू?" माझ्या हातात मापाचा लिटर होता, तो तसाच राहिला. तो थोडा वेळ थांबला, अगदी खरंच उत्तराची वाट बघावी तसा, आणि बैल वळवून निघून गेला. त्या साली त्याचे बैल छावणीत गेले. छावणीत एक बैल बसला तो उठला नाही.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे, म्हणजे माझ्या नव्हे, त्या म्हातारबांच्या अपेक्षेप्रमाणे झालं. मे महिन्यात टँकर माणसांनाच पुरेना, तिथं रोपांना कोण देणार? रोपं काड्या होऊन उभी राहिली. काळवीट खाली उतरून लोकांच्या भाजीपाल्यात शिरलं, कारण त्याला वर काही उरलं नव्हतं. पुढं उकरलेल्या मुरमावर पहिलं हिरवं आलं ते गाजरगवत. हिरवं दिसलं म्हणून भुकेल्या म्हशींनी त्यात तोंड घातलं आणि आठ दिवस दुधाला कडवट वास येत होता. वरच्या संघानं दोन वेळचं दूध परत पाठवलं. मी ते ओढ्याकाठी ओतलं. आपण काय केलं आहे हे मला खऱ्या अर्थानं त्या दिवशी कळलं.

पण सांगता सांगता मी पुढं गेलो. शेषा परतला त्याच दिवसाकडे परत यायला हवं, कारण त्या दिवशी त्यानं एक काम केलं. बाकीचे कोयते उशा झटकायला गायरानाकडे निघाले होते. त्यानं सगळ्यांना वाटेत अडवलं. म्हणाला, "झटकू नका. कुणीच झटकू नका. पट्टा गेला, बी एवढंच हाय." बायका भडकल्या. सहा महिन्यांचे ढेकूण घरात न्यायचे? सुभद्रावहिनींनी तर सगळ्यांच्या देखत त्याला सुनावलं, "तुमाला गवताची लई माया हाय ना, मंग तुमी ढेकणात निजा." तो म्हणाला, "निजतो." शेवटी दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, दारातूनच म्हणाला, "सेक्रेटरी, पेंडीच्या खोलीची चावी द्या." सोसायटीची पेंड ठेवायची खोली त्या वर्षी रिकामीच होती. मी चावी दिली. त्यानं घरोघर फिरून उशा गोळा केल्या आणि त्या खोलीत रचल्या. रंगीबेरंगी, जुन्या लुगड्यांच्या, कुणाची फाटलेली, कुणाची तेलानं काळी झालेली. काहीजण फोमच्या उशा वापरायला लागले होते. त्यांना त्यानं नावं ठेवली. त्या खोलीचा वास आजही मला आठवतो. गवताचा, घामाचा, उसाच्या मळीचा.

उन्हाळाभर कोयते चर बुजवत होते. सहा महिने ऊस तोडून आलेली माणसं फावडी घेऊन पुन्हा माळावर. मुरूम परत आत, माती वर. मीही जायचो. मला कुणी ये म्हणालं नव्हतं आणि जा म्हणालं नव्हतं. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले तेव्हा शेषानं बघितलं आणि एक चिंधी माझ्याकडे फेकली. पेरणीच्या वेळी काहीजण म्हणाले, बी जुनं झालंय, ते काय उगवतंय? शेषानं तळहातावर थुंकी टाकली आणि उशीतलं एक कुसळ त्यावर ठेवलं. कोरडं, काळं, पीळ पडलेलं कुसळ. ओल लागताच ते हळूहळू वळायला लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं. "बघा बे, जित्तं हाय." लोकांना पटलं. बी शेणमातीत कालवून पसरलं, वर बोरी-बाभळीच्या काट्या टाकल्या. पुढं मला एका कृषी सहायकानं सांगितलं की मेलेल्या बियाचं कुसळही ओल लागली की वळतं, त्यानं काही सिद्ध होत नाही. मी मोठ्या हुशारीनं ते शेषाला सांगितलं. तो म्हणाला, "मला ठावं हाय. पण लोकाला काय तरी दावाया लागतंय ना सेक्रेटरी? तुमी नव्हते का फोटू दावत?"

सगळं लगेच हिरवंगार झालं, असं काही नाही. पहिल्या साली तुरळक ठोंब आले. गाजरगवत उपटून उपटून लोक हैराण झाले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पट्टा पट्ट्यासारखा दिसायला लागला, आणि चंडोल परत आले ते त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात. खोकड मात्र मी परत पाहिलं नाही. शेषा म्हणायचा त्याला दिसलं. खरं-खोटं देव जाणे. झाडांशी त्याचं वैर नव्हतं, हेही सांगायला हवं. ओढ्याच्या काठाला आणि बांधांवर त्यानंच बोरी, हिवर, सीताफळं राखली. "झाडाला झाडाची जागा असती, गवताला गवताची," एवढंच त्याचं म्हणणं. सोसायटीत त्यानं एक ठराव मात्र करून घेतला, सगळे कोयते गावात असताना, भर उन्हात पारावर: कोयते हजर असल्याशिवाय गायरानाचा विषय कुठल्याच सभेत घ्यायचा नाही, तहकूब सभेत तर मुळीच नाही. तो ठराव मी माझ्या हातानं लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात. तो ठराव मी जितका नीट लिहिला तितकं दुसरं काही लिहिलेलं नाही.

शेषाचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तो गेला म्हणून त्याला देव करायला मी तयार नाही आणि त्यालाही ते रुचलं नसतं. पट्टा सावरत होता त्या काळात त्यानं दरसाल येणाऱ्या मेंढपाळांना गायरानात पाऊल ठेवू दिलं नाही. वाईट बोलला त्यांना. त्यातला एक म्हातारा मेंढपाळ त्याच्या वडिलांपासूनचा ओळखीचा होता. तो त्यानंतर आमच्या शिवारात कधीच आला नाही. काही वर्षांनी जुनं गवत कुजून ठोंबांवर बसायला लागलं, नवा कोंब वर येईना, तेव्हा शेषाच्या लक्षात आलं की थोडी मेंढरं फिरायलाच पाहिजेत. त्यानं वाट मोकळी केली, दुसरे मेंढपाळ आले. पण तो म्हातारा नाही आला. "त्याला धुंडाया मी बोधेगावच्या बाजारात दोनदा गेलतो," असं एकदा मला म्हणाला, आणि लगेच विषय बदलला.

आता एका चराविषयी. सगळे चर बुजले, एक सोडून. पट्ट्याच्या खालच्या अंगाचा, पंधरा-वीस पावलांचा. मी फावडं घेऊन तिकडे वळलो तर शेषा म्हणाला, "त्यो राहू द्या. त्यो सेक्रेटरीचा चर हाय." तेव्हापासून गावात त्याचं तेच नाव पडलं. पोरं म्हणायची, "शेळ्या सेक्रेटरीच्या चराकडं हायेत." गायरान बघायला तालुक्याहून, जिल्ह्याहून लोक यायला लागले, कॉलेजची मुलं यायची, तर शेषा त्यांना आधी त्या चरापाशी न्यायचा आणि मला पुढं करायचा: "हे सेक्रेटरी, आन ह्यो ह्यांचा चर." मी मान डोलवायचो. पहिली काही वर्षं ते मला फार लागायचं. पुढं सवय झाली. नंतर नंतर मीच सांगायला लागलो, इथं काय झालं, कसं झालं, भज्यांसकट. मुलं वहीत लिहून घ्यायची. शेषा बाजूला बसून तंबाखू मळत ऐकायचा आणि मी काही गाळलं तर खाकरायचा. संक्रांतीचा फोन मात्र मी दर वेळी गाळायचो. तिथं तो कधी खाकरला नाही... त्याला तो फोन आठवत नसेल, असं मी स्वतःला समजावत आलो. पण दोन दिवसांनी झालेली सभा त्याला माहीत होती, आणि शेषाला बैलांचे दातसुद्धा तारखेनिशी आठवायचे.

तेराव्याला मी पुन्हा वाडीला गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. सुभद्रावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण शिवेवर नेऊन टाकतात. त्याची बाज उभी करून ठेवलेली होती, गोधडी दिसत नव्हती. वहिनी उठल्या, आत गेल्या आणि ती उशी घेऊन आल्या. त्यांच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची, एका कोपऱ्याला ठिगळ. ऊसतोड सोडून त्याला कित्येक वर्षं झाली होती, तरी दर दिवाळीला तो पट्ट्यात जाऊन उशी भरून आणायचा आणि जुनी झटकायचा. म्हणाल्या, "भाऊजी, अंथरूण टाकलं शिववर. ही टाकायची न्हाई, पेरायची हाय."

मी म्हणालो, "पट्ट्यात टाकतो, पाऊस लागला की."

"पट्ट्यात न्हाई. ते जायाच्या आदल्या दिशी बोलले. लई दम लागत व्हता, पर बोलले. म्हणले, उशी भान्याला दे. त्याच्या चरात टाकू दे. आन चर बी त्यालाच बुजवू दे, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

मी विचारलं, "काय म्हणाला? कुणाला दे म्हणाला?"

"भान्याला," वहिनी म्हणाल्या. "तुमालाच की. दुसरा कोण भान्या हाय गावात?"

त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. घरात, वहिनींशी बोलताना, तो मला इतकी वर्षं भान्याच म्हणत असेल का? उशी काखेत मारून मी एसटीनं गेवराईला आलो. वाटेत शेजारच्या माणसानं विचारलं, "दवाखान्यातून आलात काय?" मी म्हणालो, "नाही, गावाकडून." आणि मग तोंड खिडकीकडे करून बसलो, कारण डोळ्यांना धार लागली होती आणि एवढ्या वयाचा माणूस उशी घेऊन रडताना दिसू नये.

आता ती माझ्या खोलीत खाटेवर आहे. बाजारातून एक फावडं आणून दारामागं ठेवलं आहे, मुलगा म्हणतो, "तुम्हाला या वयात झेपणार आहे का? माणूस लावू." मी नाही म्हणालो. पंधरा-वीस पावलांचा चर आहे, वाडीला राहून रोज दोन पावलं बुजवली तरी मृगाच्या आत होतो. काल दुपारी पडल्या पडल्या कानाला काहीतरी टोचलं. चाचपून काढलं तर कुसळ. काळं, कोरडं. उठून बसलो, तळहातावर थुंकलो आणि ते त्यावर ठेवलं. सूनबाई दारात उभी होती, म्हणाली, "अहो बाबा, हे काय करताय?" मी म्हणालो, "थांब जरा." त्यानं काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. मीच ते शेषाला सांगितलं होतं. तरी कुसळ हलायला लागलं आणि ते पुरतं वळून थांबेपर्यंत मी हात हलू दिला नाही.